पखवाजाचा पट्टा: शिगम्यापासून आषाढीपर्यंतच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

काल रात्री देवळात भजन ऐन रंगात आलेलं असताना बाबांच्या पखवाजाचा पट्टा तुटला. नवारीचा जुना पट्टा, घामाने आणि पावसाने कुजलेला. बाबा उभे राहून वाजवत होते. त्यांनी मांडी पुढे केली म्हणून धाम्याची (डाव्या हाताची) बाजू फरशीवर आपटता आपटता वाचली. घरी येऊन पखवाज काट्यावर ठेवला, तर आठ किलोंना थोडा कमी. एवढं वजन दोन-दोन तास एका कापडी पट्टीवर लटकत होतं.

आषाढी एकादशी ६ जुलैला आहे. तोवर चामड्याचा पट्टा मी स्वतः करायचा, असं ठरवलं. आजवर हातून झालंय ते एक किल्ल्यांचं पाकीट आणि दोन वहीची कव्हरं, तीही तयार तुकड्यांची. बाबांच्या अटी दोनच: पट्टा काळा हवा, आणि दिंडीत भिजला तरी पांढऱ्या सदऱ्यावर रंग उतरता कामा नये. देवळात चामडं चालेल का, असं आईने विचारलं. बाबा म्हणाले, "पखवाजाच्या दोन्ही तोंडांना चामडंच आहे, आणि त्यालाच आपण गंध लावून नमस्कार करतो." विषय तिथेच मिटला.

२१ मार्च, शुक्रवार

रजा टाकून म्हापशाचा बाजार गाठला. चामडं विकणारं दुकान मला आमच्या फोंड्यातही सापडलं नव्हतं आणि म्हापशातही सापडलं नाही. गादी-सोफावाल्यांकडे रेक्झिन आणि फोम मिळतो, चपलांच्या दुकानात तयार चपला मिळतात. कोरं चामडं गोव्यात कोणी विकत नाही का, असं चार ठिकाणी विचारलं. चौघांनीही एकच उत्तर दिलं: कोल्हापूर नाहीतर बेळगाव.

हात मात्र रिकामे आले नाहीत. गोणी शिवायच्या दोन दाभणी मिळाल्या. चौकोनी बाटलीत भरलेलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर घेतलं, खरं तर आईच्या लोणच्यासाठी. गॅरेजच्या ओळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात पोकळ पंचांचा संच दिसला. गॅस्केटला भोकं पाडायला वापरतात तेच, ३ ते १२ मिलिमीटरचे. चामड्यासाठी म्हणून वेगळा पंच शोधत बसायची गरज नाही, हेच चालतात. फक्त तोंडाची धार आतून स्वच्छ आहे ना, ते बोट फिरवून पाहावं. पहिल्या संचातल्या दोन पंचांच्या कडेला दात पडलेले होते, ते बदलून घेतले.

२९ मार्च, शनिवार

ऑनलाइन मागवलेला चामड्याचा तुकडा आज आला. वर मोठ्या अक्षरांत 'अस्सल चामडं' लिहिलेलं. वास रबराचा. दुमडला तर घडीवर बारीक सुरकुत्यांचं जाळं, नखाने खरवडलं तर वरचा थर सालीसारखा सुटून आला. चामडं जाडीत आडवं चिरून निघालेल्या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला होता. ते चामडं आहेच, नाही असं नाही, पण वरची दाणेदार कातडी त्यात नाही, आणि तिच्याशिवाय चामडं तितकं टिकत नाही. पैसे परत मिळाले. यापुढे चामडं हातात धरल्याशिवाय घ्यायचं नाही.

५ एप्रिल, शनिवार

बसस्टँडजवळ बसणाऱ्या चपलावाल्या काकांकडे गेले. लहानपणापासून त्यांच्याकडे चपला शिवून घेतेय, पण त्यांच्या पेटीत काय आहे ते कधी वाकून पाहिलं नव्हतं. चामड्याला भोक पाडायची आरी कुठे मिळेल, असं विचारल्यावर त्यांनी डोकं वर केलं. "बाय, तुका आरी कित्याक जाय?" पखवाजाचं सांगितलं. त्यांनी शेजारचा खोका पुढे सरकवला आणि बसायला सांगितलं.

त्यांच्या आरीच्या टोकाला बारीक खाच असते. आरी वरून चामड्यात घुसते, खालच्या हाताने दोरा त्या खाचेत अडकवायचा, आणि आरी वर येताना दोरा घेऊन येते. चपलेच्या तळाला दुसऱ्या बाजूने सुई घालायला जागा नसते, तिथे हीच आरी कामाची. मला मात्र दोन सुयांनी शिवायचं आहे. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात, म्हणून भोक आधी पाडून ठेवावं लागतं आणि त्यासाठी बिनखाचेची सरळ आरी हवी. खाचेची आरी घेऊन मी घरी प्रयोग केला असता तर दर टाक्याला दोऱ्याचे तंतू तुटले असते. काकांनी सायकलच्या चाकाची जुनी तार काढली, टोक दगडावर चार बाजूंनी घासून चौकटच्या आकाराचं केलं आणि लाकडाच्या मुठीत ठोकून दिली. पैसे घेईनात. शेवटी आईने केलेल्या लोणच्याची बाटली देईन म्हटलं, तेव्हा हो म्हणाले.

त्यांची चामडं कापायची रापीही हातात घेऊन पाहिली. रुंद पातं, धार पुढच्या कडेला, मूठ तळहातात मावणारी. करवतीच्या पात्याची केलेली आहे. चामड्याची कड पातळ करताना ते रापी पुढे ढकलतात, ओढत नाहीत, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कायम पात्याच्या मागे ठेवतात. धार लावून झाली की पातं चामड्याच्या तुकड्यावर उलटं दहा-बारा वेळा फिरवायचं. दगडाने आलेला बारीक काठ त्याने निघून जातो. माझ्यासाठी रापी लोहाराकडे घडवायला टाकलीय. मोठ्या पॉवर हॅकसॉचं तुटकं पातं वर्कशॉपमधून आणून दिलं.

१२ एप्रिल, शनिवार

काळ्या रंगाचा प्रश्न आज सुटला.

बाटलीत मिळणारा स्पिरिटचा रंग मी कव्हरांवर वापरलेला आहे. तो कितीही पुसला तरी घामाने थोडा सुटतोच. आज बाबांबरोबर पखवाज घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे गेलो होतो, एक वादी (दोन्ही तोंडं ताणून धरणारी चामड्याची पट्टी) सैल झाली होती. ते पुडीवर (तोंडावरच्या चामड्यावर) शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचा, थर घोटत होते. शाईत लोखंडाची भुकटी असते, हे बाबांनी मला कधीतरी सांगितलं होतं. त्यावरून आठवलं, लिहायची जुनी काळी शाईही कधीकधी हिरडा आणि हिराकस यांची करत. हिरड्यात टॅनिन (चामडं कमावणारं तुरट द्रव्य), हिराकसात लोह. दोन्ही भेटले की काळा रंग तयार होतो. आणि झाडाच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यात तर टॅनिन आधीच भरलेलं असतं! अशा चामड्याला लोहाचं पाणी लावलं की काळा रंग वरून बसत नाही, चामड्याच्या आतच तयार होतो. मग तो सदऱ्यावर उतरेल कुठून?

घरी आल्या आल्या बरणी मांडली. आईच्या लोणच्याचं व्हिनेगर माझ्या वाट्याला आलं. भांडी घासायची लोखंडी घासणी घेतली. तिला तेल असतं, म्हणून साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुतली, पिंजली आणि व्हिनेगरमध्ये बुडवली. स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजतच नाही. जस्ताचा मुलामा असलेले खिळेही नकोत. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण लोखंड विरघळताना वायू सुटतो आणि बरणी फुटू शकते. तोंडावर फडकं बांधून बरणी मागच्या पडवीत ठेवली.

दुरुस्तीवाल्यांनी निघताना एक गोष्ट बजावली, ती इथे लिहून ठेवते. पट्ट्याची कडी एकाच वादीला अडकवायची नाही. सगळं वजन त्या एका वादीवर आलं की तेवढ्याच घराचा (पुडीच्या त्या भागाचा) सूर उतरतो आणि तो चढवायला बाबा हातोडी घेऊन बसतात. कडीतून दोरी ओवून ती गजऱ्याजवळ (पुडीच्या कडेच्या वेणीजवळ) चार-पाच वाद्यांखालून फिरवायची.

२७ एप्रिल, रविवार

काल कोल्हापूर. पहाटे निघालो, सावंतवाडीवरून आंबोली घाट, आजरा, गडहिंग्लज. बाबा बरोबर होते, त्यांना अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं. चप्पल लाईनमध्ये विचारत विचारत चामड्याच्या एका व्यापाऱ्यापर्यंत पोचले.

खिशात औषधाची छोटी ड्रॉपरची बाटली होती, बरणीतलं गाळलेलं पाणी भरलेली. पंधरा दिवसांत व्हिनेगर गंजकट चहाच्या रंगाचं झालं होतं. दुकानदारांनी तीन तुकडे पुढ्यात टाकले, तिन्ही तपकिरी, दिसायला भावंडं. मी कोपऱ्यात एकेक थेंब टाकायची परवानगी मागितली. "ताई, शाई टाकताय व्हय? टाका, कोपऱ्यात टाका."

पहिल्यावरचा थेंब लगेच निळसर करडा झाला आणि बघता बघता काजळासारखा काळा. दुसऱ्यावर कडेला राखाडी डाग पडला, मधे काहीच नाही. वरून काहीतरी लेप असावा. तिसऱ्यावर थेंब तसाच, पाण्यासारखा बसून राहिला. तिसऱ्याची कापलेली कड पाहिली, तर आतून फिकट निळी. ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. मऊ, पाण्याला टिकणारं, पर्सला उत्तम, पण लोहाने काळं होणार नाही आणि घासून त्याची कडही तुळतुळीत होणार नाही. दुकानदारांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण पोराला आत पाठवून मागच्या खोलीतली गुंडाळी आणायला लावली.

ते म्हशीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं. चपलेच्या तळाला वापरतात त्याहून पातळ, साडेतीन मिलिमीटर. हातात घेतल्यावर नाकाला ओल्या लाकडाचा वास आला. दुकानदारांनी पाठीचा आणि पोटाचा भाग बोटाने दाखवला. पोटाकडचं ओढलं की लांबतं आणि परत येत नाही. पट्ट्याला पाठीचंच घ्यायचं, कण्याच्या रेषेला समांतर कापायचं. पाच फूट लांब, एक फूट रुंद, म्हणजे पाच चौरस फूट घेतलं. पट्ट्याला लागतं त्याहून हे खूपच जास्त आहे, पण चुकायलाही थोडं चामडं लागतंच.

परतताना बाबांनी ती गुंडाळी मांडीवर घेतली होती. घाटात खिडकी बंद केली तेव्हा सगळ्या गाडीभर तिचा वास होता.

४ मे, रविवार

लोहाराकडून रापी आली. किचनच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा कापायला खाली घेतला. पंच मात्र त्यावर मारायचा नाही, पहिल्याच घावाला तोंड बोथटेल. त्यासाठी भाजी चिरायचा जाड प्लॅस्टिकचा पाट, आणि हातोडीऐवजी लाकडी मोगरी. आखणीला शाळेतली कंपास पेटी काढली. कर्कटकाचं एक टोक कडेला टेकवून दुसऱ्याने ओरखडा काढत गेलं की कडेला समांतर रेघ मिळते, आणि तेच कर्कटक ५ मिलिमीटरवर धरून रेघेवर चालवलं की टाक्यांच्या खुणा. यासाठी बाजारात वेगळी हत्यारं मिळतात. पेटी घरात होती.

पट्टा ३८ मिलिमीटर रुंद कापला, साडेचार फूट लांब.

११ मे, रविवार

दोऱ्याची शोधाशोध. मालीम जेटीजवळ जाळ्यांचा नायलॉनचा दोरा मिळतो, मजबूत आणि स्वस्त. दोन टाके घालून वजन टांगलं तर दोरा ताणला जातो आणि गाठ सरकते. बाद. वेणीसारखी विणलेली गळाची दोरी तर चामड्यालाच चिरत जाते. शेवटी सोफावाल्यांचा जाड पॉलिएस्टरचा दोरा पसंत पडला.

त्याला मेण हवं. मेणबत्तीचं मेण पॅराफिनचं असतं, दोऱ्यावरून ओढलं की पापुद्रे पडतात आणि चिकटपणा येत नाही. मध विकणाऱ्या बाईंकडे पोळ्याचं मेण मिळालं. पिवळं, तुटलं की दाणेदार, हाताच्या उबेने मऊ होणारं, मधाचा वास असलेलं. त्यावरून दोरा तीनदा ओढला. दाभणी फार मोठ्या भरल्या, त्यामुळे गोधडीच्या सुया घेतल्या आणि त्यांची टोकं पॉलिश पेपरवर घासून बोथट केली. सुई टोकदार असेल तर आधीच्या दोऱ्यात घुसते.

२५ मे, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला. चार दिवस सूर्य नाही. आज गुंडाळी काढली आणि पोटात धस्स झालं. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. आतल्या घडीवर पांढरी लव, पिठासारखी.

कापलेला पट्टा बाहेर खुंटीवर होता, तो ठीक आहे. उरलेलं चामडं पडवीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसलं, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने, आणि पंख्याखाली वाळत टाकलं. उन्हात टाकायचं नाही, कडक होऊन तडकतं. आता जुन्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवलंय. आई पावसाळ्यात त्या कपाटात छोटा दिवा लावून ठेवते, रेशमी साड्यांसाठी. एका कप्प्यात पैठणी आणि खालच्या कप्प्यात म्हशीचं चामडं, आईने काही म्हटलं नाही.

८ जून, रविवार

काळा रंग दिला.

काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडा आणून काल कुटला होता, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी उकळून गाळला. आधी पट्ट्याला तो काढा दोन हात लावला, म्हणजे टॅनिन आणखी मुरेल. पट्टा ओलसर असतानाच फडक्याने लोहाचं पाणी फिरवलं. फडकं पुढे जात होतं आणि मागे काळा रंग उमटत होता. पहिल्यांदा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी निळसर झाक, मग पावसाळी ढगाचा रंग, मग काळा. दहा मिनिटांत पूर्ण. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसून होते. दोघंही बोललो नाही.

यानंतरची पायरी वगळायची नाही. व्हिनेगरचं आम्ल चामड्यात राहिलं तर काही वर्षांत ते ठिसूळ होतं. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पट्टा त्याने पुसला, बारीक फेस आला, मग साध्या पाण्याने दोनदा. सावलीत वाळला की अगदी हलका खोबरेल तेलाचा हात. तेल जास्त झालं तर चामडं लुळं पडतं आणि खवट वासही धरतं.

रात्री पांढरं फडकं ओलं करून जोर लावून घासून पाहिलं. थोडी करडी झाक आली, दुसऱ्यांदा घासल्यावर तीही नाही.

१५ जून, रविवार

परवा पुन्हा म्हापसा, बकल आणि कड्यांसाठी. दुकानात चकचकीत पिवळी बकलं खूप आहेत. चुंबकाने फसायला होतं, पितळही चिकटत नाही आणि मुलामा दिलेला जस्ताचा मिश्रधातूही चिकटत नाही. मागच्या बाजूला कानशीचा एक ओरखडा काढला की कळतं: आतून पिवळं ते पितळ, करडं ते दुसरं. जुन्या सामानाच्या ढिगात खऱ्या पितळेचं एक बकल मिळालं. लोखंडी घेतलं असतं तर गंज आलाच असता, शिवाय चामडं ओलं झालं की त्याभोवती काळे डाग. पितळेला इथल्या खाऱ्या हवेत हिरवा कळक चढतो, पण चिंचेने तो निघतो.

कड्या तारेच्या वाकवलेल्या होत्या, सांध्यात फट. आठ किलोंच्या झटक्याने ती उघडणार. समया दुरुस्त करणाऱ्यांकडून दोन्ही सांधे डाग देऊन बुजवून घेतले.

२२ जून, रविवार

शिवण. सुताराने फणसाच्या दोन फळ्यांचा चिमटा करून दिलाय, तो गुडघ्यांत धरला की दोन्ही हात मोकळे राहतात. शिवणीच्या चौपट दोरा. डावी सुई आधी, ती अर्धी बाहेर आली की उजवी तिच्या मागून त्याच भोकात, आणि मग दोन्ही हात एकदम बाजूला, सारख्या जोराने. एका हाताचा जोर कमी पडला की टाका तिरका बसतो, डोळ्याआधी बोटाला कळतं. मशीनच्या शिवणीत एक दोरा तुटला की पुढची शिवण उसवत जाते. इथे एक तुटला तरी दुसरा प्रत्येक भोकात आहेच. शेवटी तीन टाके उलटे घेतले.

कडांना पाणी लावून करवंटीच्या तुकड्याने घासलं. त्यात कानशीने खोबण पाडून घेतली आहे. पंधरा-वीस मिनिटांनी कड काचेसारखी झाली. त्यावर मेण.

२९ जून, रविवार

पट्टा झाला आहे. वाळूच्या दहा किलोंच्या पिशवीसह तुळईला दोन दिवस टांगला. शिवण हलली नाही, लांबी दोन-अडीच मिलिमीटरने वाढली.

आठवडाभर बातम्यांत कोल्हापुरी चपलाच आहेत. २२ जूनला मिलानच्या एका फॅशन शोमध्ये हुबेहूब तशाच चपला दिसल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मला एप्रिलमधली ती मागची खोली आठवली. नाव द्यायलाच हवं. माझ्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला मी आरीने बारीक अक्षरांत 'कोल्हापूर, फोंडा' कोरलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

दिंडी निघाली आणि पाऊस आला. देवळापर्यंत बाबा चिंब. पखवाजाला प्लॅस्टिक गुंडाळलेलं, पट्टा मात्र उघडाच. सभामंडपात त्यांनी प्लॅस्टिक सोडलं, धाम्याला कणीक लावली आणि उभे राहिले. मी खांबाजवळ उभी राहून डी-कड्यांकडेच बघत होते. रूपाचा अभंग सुरू झाल्यावर ते बघायचं राहून गेलं.

घरी आल्यावर सदरा दिव्याखाली धरला. मानेजवळ घामाचा पिवळसर पट्टा आहे, काळं काही नाही. बाबा म्हणाले, बकल अजून एक भोक आत हवं, पखवाज दोन बोटं खाली येतो. पंच आणि भाजीचा पाट काढून ठेवलाय. पट्टा सध्या पंख्याखाली वाळतोय.